नखांना झालेली कावीळ

सदर महिलेचे नाव दीपमाला नवल बोरसे. वय बेचाळीस, आधार कार्डाप्रमाणे एक्केचाळीस. राहणार पिंप्राळा, जळगाव. व्यवसाय : राहत्या घराच्या पुढच्या खोलीत कटलरीचे दुकान, ज्यात बांगड्या, टिकल्या, पिना, मेंदीचे कोन, नेलपॉलिश व तत्सम साहित्य किरकोळ भावाने मिळेल. शिक्षण : बी. ए. (अर्थशास्त्र), धंद्यात उपयोग झाल्याची नोंद नाही. शरीरावरील ओळखीची खूण : डाव्या हाताच्या पाच नखांवर पाच निरनिराळे रंग, पैकी एखादा सुकावयाचा बाकी. उजव्या हाताची नखे कोरी. सदर महिला विक्रीस आणलेले प्रत्येक नेलपॉलिश प्रथम स्वतःच्या नखावर लावून पाहते व पास झाल्यासच काचेच्या कपाटात ठेवते. असे करण्यास तिला कोणीही सांगितलेले नाही.

उजवा हात कोरा, कारण त्या हाताने जेवायचं आणि पीठ मळायचं. डावा हात परीक्षेचा. परीक्षा तीन पायऱ्यांची होती. आधी भांडी, मग धुणं आणि शेवटी भरताचं वांगं. भाजलेल्या वांग्याची साल ते गरम असतानाच नखाने काढायची. त्यातून जो रंग शाबूत बाहेर आला तो कपाटात, बाकीचे टोपलीत. टोपलीतला माल शाळकरी मुली गणपतीच्या नाचाला घेऊन जात, कारण तो एका संध्याकाळपुरताच टिकला तरी चालायचं.

नवलराव एका डाळ मिलमध्ये नोकरीला. जेवताना भरतात काही चमकलं की ते ताट पुढे सरकवून विचारत, "आज कोणता?"

दीपमालाबाई ताटावर वाकत. "करंगळीचा. सोनेरी बुचवाला. नापास."

"मी तो खाल्ला असता."

"खाल्ला नाही ना? मग जेवा."

माल धुळ्याहून चुडामणशेठ या ठोक व्यापाऱ्याकडून यायचा. बाटल्यांवर भारदस्त इंग्रजी नावं असत. ती कुणीच वाचत नसे. गिऱ्हाईक बुचावरून मागायचं. काळ्या बुचाचा मरून म्हणजे खात्रीचा, चांदीच्या बुचाचा गुलाबी म्हणजे दोन दिवसांत सालपटं, पांढऱ्या बुचाचं काहीही म्हणजे वासाने डोकेदुखी. उन्हाळ्यात जळगावच्या उन्हाने बाटलीतल्या रंगाचा पाक व्हायचा, ब्रश उचलला की तार निघायची आणि नखावर बुडबुडे यायचे. हे सगळं दीपमालाबाईंनी सहन केलं. सहन झाला नाही तो बेस कोट.

बेस कोट म्हणजे रंगाच्या आधी नखावर लावायचा बिनरंगी थर. गडद रंग नखात मुरतो आणि नख पिवळं पडतं, ते यामुळे टळतं. एवढं सोपं आहे. पिंप्राळ्यात मात्र ते सोपं राहत नसे.

"दीपाताई, ह्याला रंग कुठे आहे?"

"रंग नसतोच. हा आधी लावायचा. मग नख पिवळं पडत नाही."

"पण लावलंय हे दिसणार कसं?"

"दिसायचं नसतंच."

"मग लावू कशाला?"

याला अर्थशास्त्रात उत्तर नव्हतं. दीपमालाबाई बाटली परत कपाटात ठेवत, आणि गिऱ्हाईक काळ्या बुचाचा मरून घेऊन आनंदाने जाई.

गिऱ्हाइकाचं सोडा, घरातसुद्धा कुणी ऐकत नव्हतं. घरात म्हणजे मेघा. दीपमालाबाईंचे थोरले भाऊ प्रेमराज देवरे भडगावला असतात, त्यांची ही मुलगी. लॅब टेक्निशियनचा कोर्स करून जळगावच्या एका खासगी लॅबमध्ये लागली आणि आत्याकडे राहायला आली. दिवसभर हातमोजे घालून लोकांचं रक्त काढायचं आणि घरी आल्यावर मरून लावायचा, हा तिचा विरंगुळा. जुना थर निघायच्या आत नवा. वर्षभर.

"अगं, खाली बेस कोट लाव. घरचं दुकान आहे."

"आत्या, एक थर लावायला जीव उरत नाही, दोन कुठून लावू?"

"नखं पिवळी पडतील."

"मरूनच्या खाली कोण बघायला जातंय?"

तुळशीचं लग्न झालं आणि मेघासाठी धुळ्याचं एक स्थळ आलं. मुलगा ललित भदाणे, एका कारखान्यात सुपरवायझर. वडील रुपचंदभाऊ. आई लहानपणीच गेलेली. ललितला वाढवलं ते मोठ्या काकूने, पार्वताबाईंनी. त्यांना सगळे अक्का म्हणत, आणि अक्कांनी मान हलवल्याशिवाय त्या घरात भाजीसुद्धा ठरत नसे. मध्यस्थ सुकदेव आबा यांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं, "मुलगा हो म्हणेल. बाप हो म्हणेल. तुम्ही अक्कांकडे बघा."

बघण्याचा कार्यक्रम भडगावला ठरला. अशा कार्यक्रमाला मुलीने कसं असावं याचे नियम कुठे छापलेले नाहीत, त्यामुळे ते दुरुस्तही होत नाहीत. साडी असावी पण भारी नसावी. पावडर असावी पण कळू नये. नखांना रंग तर नकोच, कारण रंगवलेली नखं म्हणजे पोरगी चुलीपाशी जात नाही. हे दीपमालाबाईंना मान्य होतं असं नाही. पण भाचीचं लग्न आणि स्वतःची मतं यात त्यांनी भाचीचं लग्न निवडलं. पाहुण्यांची गाडी गावात शिरल्याचा फोन आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मेघाच्या नखांवर मरून तसाच आहे. त्यांनी रिमूव्हर आणि कापूस घेतला आणि दहाही नखं स्वतः पुसून काढली.

खालून निघालेली नखं जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाची होती.

"सांगितलं होतं मी," दीपमालाबाई म्हणाल्या.

"आता काय करू?"

"परत लावायला वेळ नाही. ट्रे धरशील तेव्हा बोटं खाली वळव."

मेघाने बोटं खाली वळवली. पण अक्कांनी आधी कप घेतला नाही, आधी हात घेतला. तो खिडकीच्या उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला. मग मेघाची खालची पापणी अंगठ्याने ओढून डोळ्यात पाहिलं. पोह्यांच्या ताटल्या ज्याच्या त्याच्या हातात थांबल्या.

"पोर गोड शे," अक्का म्हणाल्या. "पन हिले कावीय शे."

कावीळ म्हटल्यावर रुपचंदभाऊंनी ताटली खाली ठेवली. ललितची आई काविळीनेच गेली होती, हे सुकदेव आबांनी सांगितलं नव्हतं. ते तेव्हा रुपचंदभाऊंच्या चेहऱ्यावरून कळलं.

"अक्का, मला काही झालेलं नाही," मेघा म्हणाली. "नेलपॉलिशने पिवळी पडलीत."

अक्कांनी पुन्हा नखं पाहिली. "नेलपॉलिश? कोठे शे नेलपॉलिश?"

कुठेच नव्हतं. पुरावा दीपमालाबाईंनी नुकताच कापसाने पुसून चुलीत टाकला होता. तो होता असं सांगावं, तर पोरगी साधी दाखवायला तो पुसला हेही सांगावं लागणार. दीपमालाबाईंनी तोंड उघडलं, भावाकडे पाहिलं आणि पोहे पुढे केले.

एवढं होऊनही ललित आणि मेघा गच्चीवर जाऊन बोलून आले. तो तिला पगार, स्वयंपाक यातलं काही विचारत बसला नाही. काढलेल्या रक्ताचं पुढे काय करतात, असं त्याने विचारलं. मेघाने सांगितलं आणि त्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. जिना उतरताना मेघाचं मत झालेलं होतं. पंचाईत तिथेच झाली. मत झालं नसतं तर हे प्रकरण भडगावातच मिटलं असतं.

चार दिवसांनी सुकदेव आबांचा निरोप आला : स्थळ पसंत आहे, पण कावीळ उतरू द्या, मग पुढचं बोलू.

मेघाने स्वतःचं रक्त तपासलं. रिपोर्ट स्वच्छ. आबांनी तो धुळ्याला नेला आणि तसाच परत आणला. अक्कांनी विचारलं होतं, "ह्या रिपोर्ट कोठला शे? ती जठे काम करस तठलाच ना?"

मेघाने दुसऱ्या लॅबमधून रिपोर्ट आणला. अक्का म्हणाल्या, एका धंद्यातली माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. चुकीचं नव्हतं ते. दुसऱ्या लॅबमध्ये मेघाची मैत्रीणच होती.

मग प्रेमराजभाऊंनी तो निर्णय घेतला, जो खानदेशात कावीळ झालेल्या आणि न झालेल्या बहुतेकांच्या बाबतीत घेतला जातो. एरंडोलच्या पलीकडे एका खेड्यात आधारबाबा कावीळ उतरवतात, तिकडे न्यायचं.

"मी रोज कावीळ तपासते भाऊ," मेघा वडिलांना म्हणाली. "मशीनवर."

"तुला झाली नाही हे मला माहीत आहे. पण उतरली हे अक्कांना कळायला नको का?"

"न झालेली कावीळ उतरणार कशी?"

"लवकर उतरेल," प्रेमराजभाऊ म्हणाले.

आधारबाबांनी मेघाच्या हातांना चुना चोळला आणि परातीत हात धुवायला लावले. पाणी पिवळं झालं. मेघाच्या आधी बसलेल्या ट्रक ड्रायव्हरचंही झालं होतं आणि सोबत म्हणून आलेल्या नवलरावांनी गंमत म्हणून हात धुतले तेव्हाही झालं. नवलराव परत येताना गाडीच्या आरशात स्वतःचे डोळे पाहत राहिले. मेघाच्या डोक्यावर काटक्यांच्या बारीक तुकड्यांची एक माळ टांगण्यात आली. ती लांबत लांबत गळ्यातून छातीपर्यंत आली म्हणजे कावीळ गेली. तोवर तेलकट नाही, तिखट नाही, शेवभाजी तर नाहीच.

डोक्यावर माळ घेऊन मेघा लॅबमध्ये गेली. टोपी घालावी लागे म्हणून कुणाला दिसली नाही. संध्याकाळी ललितचा मेसेज आला, "तब्येत कशी आहे?" मेघाने लिहिलं, "उत्तम. तुमच्या अक्का सोडून सगळ्यांना माहीत आहे." त्यावर त्याने हसणारं तोंड पाठवलं, आणि मेघाला ते इतकं अपुरं वाटलं की तिने फोन पालथा ठेवला.

माळ लांबली. गाठी सैल होतात, काटक्या सुटतात. माळ सगळ्यांचीच लांबते. प्रेमराजभाऊंनी फोटो धुळ्याला पाठवला. पण नखं काही माळेच्या आज्ञेत नव्हती. मुरलेला रंग नखाबरोबर वाढून, कापला जाऊनच जातो, आणि नख त्याच्या गतीने वाढतं. लिंबू चोळून झालं, टूथपेस्ट झाली, खाण्याचा सोडा झाला. मुळाशी थोडी पांढरी कड आली, बाकी वर्तमानपत्र कायम. अक्कांनी व्हिडिओ कॉलवर नखं पाहिली आणि निदान दिलं : "आंगमातली गई. नखमातली ऱ्हायनी."

इथे दीपमालाबाईंचा संयम संपला. सांगून पटत नाही तर दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. चुडामणशेठकडून मिळतील तेवढे स्वस्त बेस कोट मागवले आणि डावा हात कामाला लावला. अंगठ्यावर बेस कोट नाही, नुसता मरून. बाकीच्या चार बोटांवर चार वेगवेगळे बेस कोट आणि वर तोच मरून. भांडी, धुणं, वांगी, सगळं रीतसर.

तर्जनीवरचा बेस कोट पहिल्याच संध्याकाळी मरूनला सोबत घेऊन अख्खा निघून आला, नखाचा साचा काढावा तसा. मधल्या बोटावरचा सुकलाच नाही. त्याला गोधडीचा कापूस चिकटला, नंतर नवलरावांची पावती चिकटली, आणि दीपमालाबाई दोन दिवस ते बोट हवेत धरून वावरल्या. अनामिकेवरचा छान बसला, चमकला, टिकला. तो इतका चांगला कसा म्हणून त्यांनी बाटलीवरचं लेबल नखाने खरवडलं. खाली दुसरं लेबल निघालं : टॉप कोट. म्हणजे रंगाच्या वरून लावायचा थर, नाव बदलून आलेला. चुडामणशेठ फोनवर म्हणाले, "ताई, बिनरंगीच आहे ना? मग वर काय नि खाली काय." करंगळीवरचा बेस कोट मात्र खरा निघाला. किंमत तीन मरूनांएवढी.

"पिंप्राळ्यात हा कोण घेणार?" नवलरावांनी विचारलं.

"विकायला नाही. दाखवायला आहे."

महिनाभराने रंग पुसला. अंगठा पिवळाजर्द. करंगळी गोरीपान. मधली तीन बोटं आपापल्या मानाने. एवढा उघड पुरावा दीपमालाबाईंनी आयुष्यात पाहिला नव्हता. संक्रांतीच्या तिळगुळाचं निमित्त काढून त्या एकट्याच धुळ्याला गेल्या.

अक्कांनी तिळगूळ घेतला, चहा दिला. दीपमालाबाईंनी डावा हात पुढे पसरला आणि बोट न् बोट समजावून सांगितलं. रंग काय करतो, बेस कोट काय करतो, कोणता चिकटला, कोणता फसवा. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अंगठा धरून उजेडात नेला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या, "पोरपाईन तुमले बी लागनी."

दीपमालाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या घरात त्यांना हसणारी एकच व्यक्ती होती, अक्कांची सून, आणि तीही स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून.

"अक्का," दीपमालाबाई डोळे उघडून म्हणाल्या, "एका बोटाला कावीळ होते का?"

"सुरू तठूनच व्हस."

दीपमालाबाईंनी पर्समधून काळ्या बुचाची बाटली काढून टीपॉयवर ठेवली. "बोट द्या."

"काय?"

"हात द्या तुमचा. मी लावते. तुमची नखं पिवळी झाली तर हे नेलपॉलिशचं. नाही झाली तर मी भाचीला घेऊन परत कधी तुमच्या दारात येणार नाही."

"ह्या वयमा?" अक्का हसल्या. पण हात मागे घेतला नाही. "लावा. माले काय व्हनार नही. माले जनममा ताप बी उना नही."

दीपमालाबाईंनी करंगळीला बेस कोट लावायला घेतला. अक्कांनी तो वाळण्याआधीच बाकीची बोटं पुढे केली. "त्या बिनरंगना ऱ्हाऊ द्या. ह्या लाल लावा." चार नखांवर नुसता मरून बसला, करंगळीवर बेस कोट घालून. अक्कांनी हात लांब धरून पाहिला. सून बाहेर आली, "आई, शोभतंय बरं का," म्हणाली, आणि अक्का तिला, "चूप बस, दवाखानानं काम शे," म्हणाल्या. तो रंग काढायला त्यांनी महिन्यापेक्षा बरेच जास्त दिवस घेतले. दोनदा तर वरून नवा थर देऊन घेतला, असं पुढे सुनेने सांगितलं.

होळीच्या आसपास एका सकाळी मेघाच्या लॅबमध्ये बाकावर एक म्हातारी येऊन बसली. डावा हात पदराखाली. नाव पुकारल्यावर ती खुर्चीत येऊन बसली तेव्हा मेघाने वर पाहिलं. अक्का एकट्या, धुळ्याहून, एसटीने.

"रगत काढ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बठ्ठं तपास. पन ललितले सांगू नको. कोनलेच सांगू नको."

पदराखालून हात निघाला. चार नखं पिवळी, करंगळी स्वच्छ. मेघाने ती पाहिली. दंडाला पट्टा बांधला आणि सुई लावली. 

"धीरे वं माय."

"झालं अक्का. कापूस दाबून धरा."

"जेवन जात नही दोन दिनफाईन," अक्का म्हणाल्या. "ललितनी मायले बी पहिले असंच व्हयनं व्हतं." मेघाच्या डोक्यात कितीतरी दिवस घोळलेली उत्तरं होती, एकाहून एक. त्यातलं एकही तिने दिलं नाही. नळीवर नाव लिहिलं आणि ती रांग सोडून आधी मशीनला लावली.

रिपोर्ट येईपर्यंत अक्का बाकावरून उठल्या नाहीत. मेघाने कागद आणून दिला. "सगळं नॉर्मल आहे अक्का. काही झालेलं नाही."

"नखे मंग?"

"नेलपॉलिशचं आहे."

अक्कांनी कागद उलटसुलट पाहिला. वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखीचा होता. "तुना रिपोर्ट बी असाच व्हता का?"

"अगदी असाच. फक्त नाव वेगळं होतं."

अक्का बाकावरून उठल्या. मग कागदाची घडी कमरेला खोचून म्हणाल्या, "मंग आधी काबर सांगं नही?"

मेघाने हातमोजे काढून डब्यात टाकले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

दोन दिवसांनी सुकदेव आबांचा फोन आला : तारीख काढा.

सदर प्रकरण येणेप्रमाणे निकाली निघाले. वधूस झालेली कावीळ आधारबाबांच्या माळेने समूळ गेल्याचे वरपक्षातर्फे पार्वताबाईंनी सर्व नातेवाइकांस कळविले. लॅबमधील भेटीचा उल्लेख कोठेही करण्यात आला नाही. दीपमालाबाईंच्या डाव्या हाताने केलेल्या कामाची दखल घेतली गेली नाही. वधूच्या नखांबाबत त्यांनी सविस्तर व्यवस्था केली : करंगळीवर पास झालेल्या बेस कोटचे दोन थर, त्यावर फिका गुलाबी, तसेच मांडवात कोणी हात उजेडात नेल्यास काय सांगावे याची सूचना.

हळदीच्या दिवशी मांडवातल्या सगळ्याच बायकांची नखं पिवळी होती.